अडखळलेले कन्सोल आणि बाहेरचे निर्माते : एका जुन्या वादाचा आढावा

जानेवारी २०१४ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या ‘वी यू’ या व्हिडिओ गेम कन्सोलच्या वर्षभराच्या विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून थेट २८ लाखांवर आणला. कंपन्यांचे अंदाज चुकतातच, पण वर्ष सरत आले असताना तो एक तृतीयांशाच्याही खाली आणावा लागणे ही साधी चूक नव्हे. त्यानंतर गेमच्या दुनियेत दोन निदाने पुढे आली. पहिले असे, की इतर कंपन्यांनी या यंत्रासाठी गेम करणे सोडले म्हणून ते बुडाले. दुसरे असे, की यंत्र खपतच नव्हते म्हणून त्या कंपन्यांनी गेम करणे सोडले. दोन्ही विधानांत तथ्य आहे. तरीही त्यांचा क्रम ठरवावा लागतो, कारण उपाय क्रमावर अवलंबून आहे. पहिले निदान खरे मानले तर कन्सोल काढणाऱ्या कंपनीने पैसा बाहेरच्या निर्मात्यांची मनधरणी करण्यात घालावा. दुसरे खरे मानले तर तोच पैसा किंमत उतरवण्यात आणि स्वतःचे गेम करण्यात घालावा. अडचणीतल्या कंपनीकडे दोन्हींसाठी पैसा आणि वेळ क्वचितच असतो.

या धंद्याची रचना थोडक्यात सांगायला हवी. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचे किंवा हातात धरायचे, मुख्यतः गेमसाठीच केलेले यंत्र. ते बनवणारी कंपनी स्वतःही गेम करते, पण बहुतेक गेम बाहेरच्या कंपन्या करतात. गेमवाले त्यांना ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. बाहेरची कंपनी विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे यंत्राच्या मालकाला परवाना शुल्क देते, आणि यंत्र नाममात्र नफ्यावर, कधी तर तोट्यात विकण्याची मालकाची ऐपत त्या शुल्कातूनच येते. म्हणजे मालकाला दोन गिऱ्हाइके सांभाळावी लागतात, खेळणारे आणि गेम करणारे. आठवडी बाजारासारखाच हा प्रकार आहे: गिऱ्हाईक नसेल तर व्यापारी पाल ठोकत नाही, आणि पाले नसतील तर गिऱ्हाईक फिरकत नाही. अर्थशास्त्रात अशा दुहेरी बाजारांची शिस्तशीर मांडणी जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांनी २००३ मध्ये केली. तिरोल यांना पुढे २०१४ चे नोबेल मिळाले. व्हिडिओ गेम हे त्या मांडणीतले नेहमीचे उदाहरण आहे.

परवान्याची जन्मकथा

बाहेरचा निर्माता ही कल्पना कन्सोलच्या जन्मापासून नव्हती. अटारी कंपनीने १९७७ मध्ये आपले घरगुती यंत्र बाजारात आणले तेव्हा त्यावरचे गेम अटारीच करत असे. ज्या प्रोग्रामरांच्या गेमवर कंपनी कोट्यवधी डॉलर कमावत होती, त्यांचे नाव खोक्यावर येत नसे आणि विक्रीत त्यांना वाटाही नव्हता. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे चौघे त्यामुळेच बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन उभी राहिली. अटारीने दावा लावला. शेवटी ॲक्टिव्हिजनने शुल्क द्यावे आणि गेम काढावेत अशी तडजोड झाली. दार उघडल्यावर आत कोण येते यावर मात्र अटारीचा ताबा राहिला नाही. पाहता पाहता सुमार गेमचा पूर आला, आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला. बाहेरच्यांचा पाठिंबा जितका जास्त तितके यंत्र सुरक्षित, या समजुतीला इतिहासाने दिलेला हा पहिलाच धक्का. अटारीच्या यंत्राला पाठिंब्याची वाण नव्हती, वाण होती ती चाळणीची.

निन्टेन्डोने त्यातून धडा घेतला, आणि तो जरा जास्तच घेतला. तिचे फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आले आणि पहिले वर्षभर निन्टेन्डोच्याच गेमवर चालले. हडसन आणि नामको या बाहेरच्या कंपन्या १९८४ मध्ये आल्या, यंत्र खपते आहे हे दिसल्यावर. १९८५ मध्ये तेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत गेले. तिथे त्यात कुलपाची चिप बसवली होती, त्यामुळे विनापरवाना गेम चालेना. परवान्याच्या अटीही कडक होत्या. वर्षाला पाचच गेम काढायचे, ते दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर न्यायचे नाहीत आणि कॅसेटी निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायच्या. पाचाची मर्यादा ओलांडता यावी म्हणून कोनामीने ‘अल्ट्रा’ या नावाने दुसरी कंपनीच काढली. सेगाच्या मास्टर सिस्टिमला त्या काळात बाहेरचे गेम फारसे मिळाले नाहीत, याचे मोठे कारण ही दोन वर्षांची अट. तेव्हा पाठिंबा मिळणे न मिळणे केवळ यंत्राच्या गुणांवर ठरत नसते, प्रतिस्पर्ध्याच्या करारावरही ठरते.

भारतात या व्यवस्थेची सावलीही पोचली नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांत जो ‘व्हिडिओ गेम’ मिळत असे तो ‘मीडिया’, ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी विकला जाणारा फॅमिकॉमचा नकली अवतार होता. एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचा दावा असे आणि त्यांतले बरेचसे तेच ते पुन्हा असत. मारिओ आणि कॉन्ट्रा इथल्या मुलांना तोंडपाठ झाले, पण त्यांच्या निर्मात्यांना त्यातून एक पैसाही गेला नाही. परिणाम असा, की अंबाजोगाई असो वा औरंगाबाद, या धंद्यातली परवान्याची बाजू आपल्याकडे खेळणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना ठाऊकच नव्हती.

‘बाहेरचेच तारतात’ : पहिली बाजू

बाहेरचे निर्मातेच कन्सोलचे भवितव्य ठरवतात असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा १९९६ चा आहे. स्क्वेअर ही जपानी कंपनी ‘फायनल फँटसी’ मालिकेचे सहा भाग निन्टेन्डोच्या यंत्रांवर काढून बसली होती. सातवा भाग सोनीच्या प्लेस्टेशनवर येईल असे तिने जानेवारी १९९६ मध्ये जाहीर केले, तेव्हा निन्टेन्डो ६४ बाजारात आलेसुद्धा नव्हते. कारण तांत्रिक होते. निन्टेन्डो महागड्या आणि कमी क्षमतेच्या कॅसेटवर अडून राहिली आणि सोनीने सीडी घेतली. तो गेम तीन सीडींवर आला. सोनीने शुल्क माफक ठेवले, निर्मात्यांना तयार साधने दिली आणि नामकोसारख्या कंपन्यांना सुरुवातीपासून जवळ केले. प्लेस्टेशन दहा कोटींहून जास्त खपले, निन्टेन्डो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास थांबले. इथे बाहेरचे आधी गेले आणि विक्री नंतर घसरली, हे मान्य करावेच लागते.

याच बाजूचा दुसरा पुरावा सेगाच्या ड्रीमकास्टचा. ते नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानात आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत आले. काळाच्या पुढचे यंत्र म्हणून अजूनही त्याचे नाव घेतले जाते. अमेरिकेत खेळांच्या गेमवर राज्य करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने (ईए) त्याला नकार दिला, आणि मार्च २००१ अखेर सेगाने कन्सोलचा धंदाच गुंडाळला. एकूण सुमारे ९१ लाख यंत्रे गेली. पण हा पुरावा वाटतो तितका निखळ नाही. अमेरिकेतली सुरुवात दणक्यात झाली होती, आणि खेळांची उणीव सेगाच्याच व्हिज्युअल कॉन्सेप्ट्सने बऱ्यापैकी भरून काढली होती. खरी अडचण विश्वासाची होती. सेगाने १९९४ मध्ये ३२एक्स हे जोडयंत्र काढून लगेच वाऱ्यावर सोडले होते. मे १९९५ मध्ये तिने सॅटर्न अचानक, ठरल्या वेळेच्या महिने आधी दुकानांत आणून निर्मात्यांना आणि दुकानदारांनाही गाफील पकडले होते. त्यातून भाजलेले निर्माते ताक फुंकून पिणारच. आणि मार्च २००० मध्ये प्लेस्टेशन २ आले. ईएच्या नकाराने ड्रीमकास्ट मेले असे म्हणण्यापेक्षा, सेगाच्या आधीच्या वागण्याची वसुली त्या नकारातून झाली असे म्हणणे मला जास्त पटते. अर्थात या विषयावर एकमत नाही.

‘खपेल त्याला सगळे मिळते’ : दुसरी बाजू

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की बाहेरचा निर्माता हा हिशोबी माणूस असतो. यंत्र किती घरांत आहे, त्यांतले किती जण आपला गेम घेतील आणि गेम त्या यंत्रावर न्यायला किती खर्च येईल, हे तीन आकडे तो मांडतो. उत्तर जमेला आले तर कालचे भांडण विसरतो. व्हॅल्व्ह या गेम कंपनीचे गेब न्यूएल यांनी २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ ची जाहीर निर्भर्त्सना केली होती. ‘सेल’ नावाच्या त्याच्या प्रोसेसरसाठी काम करणे निर्मात्यांना जिकिरीचे होते आणि अमेरिकेत यंत्र ४९९ व ५९९ डॉलरना आले होते. सप्टेंबर २००९ मध्ये सोनीने २९९ डॉलरचे सडपातळ रूप आणले, स्वतःच्या गेमांचा ओघ लावला आणि विक्री सावरली. २०१० मध्ये तेच न्यूएल सोनीच्या मंचावर येऊन ‘पोर्टल २’ प्लेस्टेशन ३ वर येणार असल्याचे सांगत होते. यंत्राची मूळ रचना बदलली नव्हती. बदलली होती ती किंमत आणि खप. शेवटी प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या जवळ पोचले.

निन्टेन्डो ३डीएसची गोष्ट याहून बोलकी आहे. हे हातातले यंत्र २०११ च्या फेब्रुवारीत जपानात व मार्चमध्ये अमेरिकेत आले, आणि थंडावले. मोबाइल फोनने हातातल्या कन्सोलचा काळ संपवला असे तेव्हा सर्रास लिहिले गेले. पाच महिन्यांत निन्टेन्डोने अमेरिकेतली किंमत २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणली. कंपनीचे अध्यक्ष सतोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्याने कापला. वर्षाअखेर मारिओचे दोन मोठे गेम आले. याच सुमारास कॅपकॉमची ‘मॉन्स्टर हंटर’ ही मालिका, जिने आधी सोनीचे हातातले यंत्र जपानात तगवले होते, ती ३डीएसवर आली. हे यंत्र अखेर साडेसात कोटींच्या पुढे गेले. इथे घटनांचा क्रम स्वच्छ दिसतो: आधी किंमत, मग घरचे गेम, आणि त्यांच्या मागोमाग बाहेरचे.

हा क्रम निव्वळ योगायोग नसावा असे सुचवणारे संशोधनही आहे. मॅथ्यू क्लेमेंट्स आणि हिरोशी ओहाशी यांनी १९९४ ते २००२ या काळातल्या अमेरिकी कन्सोल बाजाराचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा, की यंत्राच्या सुरुवातीच्या काळात कमी किंमत जास्त परिणाम करते, आणि गेमची विविधता वाढवण्याचा परिणाम नंतरच्या टप्प्यात वाढत जातो. बिन्केन आणि स्ट्रेमेर्श यांच्या २००९ च्या अभ्यासात असे दिसले, की एखादा असामान्य दर्जाचा गेम पुढच्या पाच महिन्यांत यंत्राची विक्री सरासरी १४ टक्क्यांनी वाढवतो. म्हणजे गेमची नुसती संख्या आणि एखादा मोठा गेम यांची ताकद सारखी नसते. ‘पाठिंबा’ हा शब्द आपण घाऊक वापरतो तेव्हा हा भेद पुसला जातो. पन्नास मध्यम गेम येऊनही यंत्राला जे मिळत नाही, ते एका ‘फायनल फँटसी’ने मिळू शकते.

तरीही ही बाजू संपूर्ण नाही, हे ‘वी’ या यंत्राने दाखवले. २००६ मध्ये आलेले वी दहा कोटींच्या वर खपले. नुसती घरे मोजायची तर बाहेरच्यांनी त्यावर तुटून पडायला हवे होते. प्रत्यक्षात मोठे गेम प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर गेले, आणि वीवर बाहेरून आले ते बरेचसे घाईने केलेले, किरकोळ. यंत्र दुबळे असल्याने मोठा गेम त्यावर नेणे म्हणजे जवळजवळ नव्याने करणे होते. शिवाय घेणाऱ्यांत कुटुंबे, आजी-आजोबा, घरातच टेनिस आणि बोलिंग खेळणारे लोक होते. ते वर्षाला दहा गेम विकत घेत नसत. खप किती हे महत्त्वाचे आहेच, पण घेणारा कोण आणि तिथवर पोचायचा खर्च किती, हे त्याहून महत्त्वाचे ठरते. उलट टोकाला सोनीचे प्लेस्टेशन व्हिटा. २०११ च्या शेवटी आलेल्या या यंत्राकडे मालकानेच काही वर्षांत लक्ष देणे सोडले, पण छोटे स्वतंत्र निर्माते आणि जपानी प्रकाशक त्यावर गेम काढत राहिले आणि यंत्राचे उत्पादन २०१९ पर्यंत चालले. बाहेरच्यांनी त्याला जगवले, वर काढले नाही. मालकाने सोडलेल्या यंत्राला बाहेरचे किती पेलू शकतात, याची मर्यादा इथे दिसते.

वी यूचा पंचनामा

आता मूळ प्रकरणाकडे येऊ, कारण दोन्ही बाजू याच्याच दाखल्यावर भांडतात. वी यू १८ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेत आले तेव्हा बाहेरचा पाठिंबा नव्हता हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ‘असॅसिन्स क्रीड ३’, ‘बॅटमॅन : आर्कम सिटी’, ‘मास इफेक्ट ३’, युबिसॉफ्टचा खास या यंत्रासाठीचा ‘झॉम्बीयू’ हे सारे पहिल्या दिवसापासून होते. त्याआधी २०११ मध्ये ईएचे प्रमुख जॉन रिकिटिएलो निन्टेन्डोच्या मंचावर येऊन अभूतपूर्व भागीदारीची भाषा करून गेले होते. पण आलेला माल पाहावा. ‘मास इफेक्ट’चा तिसराच भाग वी यूवर आला, आणि त्याच सुमारास इतर यंत्रांसाठी तिन्ही भाग एकत्र विक्रीला निघाले. ज्याच्या घरी आधीचे यंत्र होते त्याने वी यूवर तो का घ्यावा? असे गेम खपले नाहीत यात नवल नाही, आणि ते खपले नाहीत याचा अर्थ ‘वी यूचे लोक आमचे गेम घेत नाहीत’ असा लावला गेला. युबिसॉफ्टने ‘झॉम्बीयू’ नफ्यात गेला नाही असे सांगितले. फक्त वी यूसाठी जाहीर झालेला ‘रेमन लेजंड्स’ फेब्रुवारी २०१३ वरून सप्टेंबरवर ढकलला, तो सगळ्या यंत्रांवर काढता यावा म्हणून. ‘वॉच डॉग्ज’ इतरांकडे मे २०१४ मध्ये आला आणि वी यूवर नोव्हेंबरमध्ये. २०१३ पासून ईएचे गेम जवळजवळ थांबलेच.

या क्रमातून मला एक गोष्ट ठळक दिसते. बाहेरचे लोक पहिल्याच वर्षात काढता पाय घेऊ लागले, आणि त्याच वर्षात निन्टेन्डोची स्वतःची शिदोरी फार तुटपुंजी होती. ‘मारिओ कार्ट ८’ यायला मे २०१४ उजाडला, म्हणजे यंत्र येऊन दीड वर्ष झाले होते. अनेक गिऱ्हाइकांना वी यू हे नवे यंत्र आहे की जुन्या वीचा एखादा जोडभाग, हेही नावावरून कळत नव्हते. त्यातून पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले. दोन्हींत पीसीच्या घराण्याचा प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी होती. वी यूमध्ये जुन्या पॉवरपीसी घराण्याचा प्रोसेसर आणि २ जीबी. आता बाहेरच्या निर्मात्याच्या वहीत एकीकडे पीसीसकट तीन ठिकाणी जवळजवळ त्याच खर्चात जाणारा गेम होता, आणि दुसरीकडे थोड्याशा लोकांसाठी वेगळी मेहनत. हिशोब कुठे झुकणार हे उघड होते. एकूण १ कोटी ३५ लाखांवर वी यूचा प्रवास संपला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. निन्टेन्डोचे गेम उत्तम होतेच, मग बाहेरचे आले असते तर यंत्र वाचले नसते का? याचे उत्तर पुढच्या यंत्रात मिळते. ‘मारिओ कार्ट ८’ वी यूवर सुमारे ८५ लाख गेला. तोच गेम थोड्या भरीसह २०१७ मध्ये स्विचवर आला आणि सहा कोटींच्या वर गेला. गेम तोच, कंपनी तीच. स्विच ३ मार्च २०१७ रोजी आले तेव्हा बाहेरच्यांची रांग मोठी नव्हती. पण त्याच दिवशी ‘झेल्डा’चा नवा गेम होता आणि पहिल्या वर्षाअखेर मारिओचा. यंत्रात एनव्हिडियाची मोबाइल चिप होती, आणि युनिटी व अनरियल ही गेम बनवण्याची सर्रास वापरातली इंजिने त्यावर चालत. ‘स्कायरिम’ आणि ‘डूम’ त्याच वर्षी आले, ‘विचर ३’ २०१९ मध्ये. ताकदीत स्विच प्लेस्टेशन ४ च्या बरेच खाली होते, पण तिथवर जायची वाट सोपी होती आणि पलीकडे गिऱ्हाईक होते. म्हणून माझा निष्कर्ष असा: बाहेरच्यांचा पाठिंबा यंत्राला सुरुवातीला वर काढत नाही, तो आधी मिळालेल्या यशाला टिकवतो आणि फुगवतो. पण यंत्राची रचनाच अशी असली की बाहेरच्याला येणे महाग पडावे, तर यश मिळूनही पाठिंबा लांब राहतो आणि अपयशात तो सर्वांत आधी जातो. निन्टेन्डो ६४ चा अपवाद या चौकटीत बसतो, कारण स्क्वेअरने नाकारले ते न खपलेले यंत्र नव्हते, कॅसेटची रचना होती.

पुण्याहून दिसणारे चित्र

हा सगळा वाद अमेरिका-जपानचा वाटतो, पण त्याचा एक धागा पुण्यात आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम केला. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट, भारतीय पुराणकथा आणि वास्तुकलेतून साकारलेली. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न फसला तरी काम सुरू राहिले. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि इतर यंत्रांवर व पीसीवर त्यानंतर ऑक्टोबरमध्ये. निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलेले नाही, ते मिळते आयात करणाऱ्या दुकानदारांकडे. म्हणजे पुण्यात झालेला, भारताची गोष्ट सांगणारा गेम आधी अशा यंत्रावर आला, जे कंपनीच्या लेखी पुण्यातच विक्रीला नव्हते. यात विसंगती दिसते, पण छोट्या निर्मात्याचा हिशोब पाहिला की ती विरते. हजारो गेमच्या गर्दीत पीसीवर हरवण्यापेक्षा निन्टेन्डोच्या खास सादरीकरणात त्याच दिवशी झळकणे मोलाचे. अनरियल इंजिनवर गेम केल्यामुळे स्विचवर नेणेही आटोक्यातले. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमच्या गटात ‘राजी’ला नामांकन मिळाले. मोठ्या कंपनीच्या तीन आकड्यांत छोट्या निर्मात्यासाठी चौथा जमा होतो: आपला गेम लोकांच्या नजरेस पडण्याची शक्यता.

याच्या उलट प्रयोग भारतात दहा वर्षे आधी झाला होता. प्लेस्टेशन २ जगभर उतरणीला लागले असताना सोनीने भारतात ते स्वस्तातले घरगुती यंत्र म्हणून खपवायचे ठरवले आणि त्यासाठी देशी गेम करवून घेतले. हैदराबादच्या अरोना कंपनीचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि गेमशास्त्रचा ‘देसी अड्डा’ २००९ मध्ये आले, त्यानंतर मुंबईच्या ट्राइनचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. मावळत्या यंत्राला बाहेरच्यांच्या जोरावर नवा बाजार मिळवून देण्याचा हा आपल्याकडचा अस्सल नमुना. त्यातून काही निर्मात्यांना अनुभव मिळाला, पण टिकाऊ बाजार उभा राहिला नाही. नवी यंत्रे आली, आणि २०१६ नंतर स्वस्त डेटाने खेळणाऱ्यांना मोबाइलवर नेले. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा गेम २०२४ मध्ये मोबाइलवर आणला, यात आश्चर्य नाही.

घरांची संख्या पुरेशी नसते हे आपल्या जिओफोननेही दाखवले. जुलै २०१७ मध्ये १५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर जाहीर झालेला हा फोन कायओएस या प्रणालीवर चालत होता आणि तो कोट्यवधी हातांत गेला. तरी व्हॉट्सॲप त्यावर यायला सप्टेंबर २०१८ उजाडला, आणि २०२४ मध्ये व्हॉट्सॲपने त्या प्रणालीवर नव्याने उतरवून घेण्याची सोयही काढून घेतली. पैसा न खर्चणाऱ्या कोटींपेक्षा खर्चणारे लाख निर्मात्याला जवळचे वाटतात, हा वीचाच अनुभव. सोनीने २०२३ मध्ये ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर करून मुंबईच्या अंडरडॉग्जच्या ‘मुक्ती’सारख्या गेमना पैसा आणि मार्गदर्शन देऊ केले. तो या हिशोबात निर्मात्याचा खर्च आधीच उचलण्याचा प्रयत्न आहे. मात्र भारतात प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले होते. त्या किमतीत अंबाजोगाईसारख्या गावातले कुटुंब कन्सोल घेईल की अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलासाठी लॅपटॉप, याचे उत्तर शोधायला संशोधन लागत नाही.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत गोंधळात टाकणारे प्रकरण सध्या एक्सबॉक्सचे आहे. ते बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून यंत्रांच्या विक्रीचे आकडे देणे बंद केले. बाहेरच्यांचा पाठिंबा विकत घेता येतो का, हे तिने जेवढे तपासले तेवढे कोणी तपासले नाही. २०२१ मध्ये तिने झेनिमॅक्स ही गेम कंपनी घेतली साडेसात अब्ज डॉलरना, ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड सुमारे ६९ अब्जांना. अटारीच्या असंतुष्ट प्रोग्रामरांनी काढलेली ती पहिली बाहेरची कंपनी अशा रीतीने एका कन्सोल मालकाच्या घरात आली. आणि मग फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलेच चार गेम प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर नेण्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये ‘फोर्झा होरायझन ५’ प्लेस्टेशन ५ वर आला, आणि तिची ओळख असलेली ‘हेलो’ मालिकाही तिकडे जाणार असल्याचे ऑक्टोबरमध्ये सांगितले गेले. काहींच्या मते ही कन्सोलच्या धंद्यातली माघार आहे. इतरांच्या मते गेम विकणे हाच आता धंदा आहे आणि यंत्र त्यातले एक दुकान. पहिली बाजू धरली तर स्वतःचे गेम बाहेर दिल्यावर एक्सबॉक्स घेण्याचे कारण उरत नाही. दुसरी धरली तर प्रश्नच चुकीचा ठरतो. रॉबिन ली यांच्या २०१३ च्या अभ्यासाने असे दाखवले होते, की फक्त एका यंत्रापुरते गेम ठेवण्याची पद्धत बलाढ्य यंत्रापेक्षा नव्या, मागे असलेल्या यंत्रांना जास्त उपयोगी पडली. तो निष्कर्ष २००० च्या दशकातल्या यंत्रांवरचा आहे. एकाच गेमचा खर्च कोट्यवधी डॉलरांवर गेलेल्या काळात तो तसाच लागू पडतो का, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

एक्सबॉक्स सीरिज एस या स्वस्त यंत्राने आणखी एक पेच पुढे आणला. ‘बाल्डर्स गेट ३’ प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, कारण पडदा विभागून दोघांनी खेळायची सोय कमी ताकदीच्या सीरिज एसवर बसत नव्हती आणि दोन्ही एक्सबॉक्सवर सारखेच गुण असावेत अशी मायक्रोसॉफ्टची अट होती. शेवटी ती अट सैल करावी लागली. गिऱ्हाइकाला परवडणारे यंत्र निर्मात्याला महाग पडू शकते, आणि इथे माझ्या वरच्या युक्तिवादाचे दोन्ही पाय, किंमत आणि सोपी वाट, एकमेकांत अडकतात. त्यातून सर्वमान्य वाट अजून निघालेली नाही.

निन्टेन्डोचे स्विच २ हे ५ जून २०२५ रोजी आले, पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांवर गेले, आणि ‘सायबरपंक २०७७’सारखा जड गेम पहिल्याच दिवशी सोबत होता. बाहेरच्यांच्या पाठिंब्याची निन्टेन्डोसाठी इतकी चांगली सुरुवात क्वचितच झाली असेल. पण वी यूच्या पहिल्या दिवसाची यादीही लांबच होती. म्हणून सुरुवातीची यादी पाहण्यापेक्षा दुसऱ्या नाताळच्या हंगामात कोणत्या कंपन्या आपले नवे गेम इतर यंत्रांच्या जोडीने त्याच दिवशी स्विच २ वर आणतात आणि कोणत्या सहा महिने उशिराने पाठवतात, हे पाहिले पाहिजे.